द नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग, ब्लेचली: इथली मशिन्स चालू आहेत

लंडनला कुणी येणार असेल आणि घरात कुणाला कॉम्प्युटरची जरा जरी आवड असेल, तर एक दिवस ब्लेचलीसाठी राखून ठेवा असं मी सगळ्यांना सांगत असते. यूस्टन स्टेशनवरून ट्रेन मिळते, तासाभराच्या आत पोचता, आणि ब्लेचली स्टेशनवरून पुढे चालतच जायचं, टॅक्सीबिक्सीची गरज नाही.

आता ब्लेचली म्हटलं की सगळ्यांना ब्लेचली पार्क, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं गुप्तलिपी फोडायचं केंद्र, तिथला गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग आणि जर्मनांचं गुप्तलिपीचं यंत्र एनिग्मा एवढंच आठवतं. ते बघाच, पण त्याच आवारात ब्लॉक एच नावाची एक साधी बैठी इमारत आहे, हे म्युझियम तिथे आहे. संस्था वेगळी, तिकीट वेगळं, त्यामुळे कितीतरी लोक पार्क बघतात, बंगल्यासमोर फोटो काढतात आणि तसेच स्टेशनवर परत जातात, आणि मला खरंच हळहळ वाटते, कारण ब्लॉक एच ही १९४४ साली कोलोसस मशिन्स, म्हणजे जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला केलेले कॉम्प्युटर, ठेवायलाच मुद्दाम बांधलेली इमारत, म्हणजे इमारतसुद्धा इतिहासाचाच भाग आहे.

मी बऱ्याच ठिकाणी जुने कॉम्प्युटर बघितलेत. काचेच्या मागे ठेवलेले, खाली पाटी, आपण वाचायचं आणि पुढे सरकायचं. इथे मशिन्स चालू असतात. आवाज येतो, दिवे लागतात, खोली गरम होते, आणि बाजूला उभा असलेला व्हॉलंटियर, बहुतेक वेळा रिटायर्ड इंजिनियर, तुम्ही विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाचं मनापासून उत्तर देतो.

कोलोससची खोली सगळ्यात भारी. मशिन म्हणजे भिंतीएवढ्या रॅक्स, त्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व, या मॉडेलमध्ये जवळजवळ २५००. एका टोकाला लोखंडी सांगाडा आहे, त्याला तिथले लोक बेडस्टेड म्हणतात, त्यावर पुल्यांवरून कागदी टेपची माळ गरागरा फिरत असते. सेकंदाला ५००० अक्षरं वाचायची ही टेप! टेपवर मधोमध बारीक भोकांची एक ओळ दिसते ती नीट बघा. ती भोकं टेप ओढायला नाहीयेत, प्रत्येक भोक फोटोसेलसमोरून गेलं की मशिनला एक पल्स मिळतो आणि सगळं गणित त्या तालावर चालतं. म्हणजे मशिनचं घड्याळच टेपवर आहे. हे मी वाचलेलं होतं, पण डोळ्यासमोर फिरताना बघितल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही.

आणि हे का केलं ते पण समजून घ्या. आधीच्या हीथ रॉबिन्सन मशिनमध्ये दोन टेप, एकीवर गुप्त संदेश आणि दुसरीवर जर्मन यंत्राच्या चाकांचा पॅटर्न, एकाच वेगाने पळवायला लागायच्या, त्या जुळवून ठेवणं फार कटकटीचं, टेप ताणायच्या, फाटायच्या. टॉमी फ्लॉवर्स हा पोस्ट खात्यातला टेलिफोन इंजिनियर, त्याने ठरवलं की दुसरी टेप हवीच कशाला, तो पॅटर्न व्हॉल्वच्या सर्किटमध्येच तयार करू. एवढे व्हॉल्व एकत्र टिकणार नाहीत, सारखे उडतील, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, पण फ्लॉवर्सला टेलिफोनच्या कामामुळे पक्कं माहीत होतं की व्हॉल्व सतत चालू ठेवला तर टिकतो, बंद-चालू केलं की जातो. पहिला कोलोसस १९४४ च्या सुरुवातीला ब्लेचलीत आला, सुधारलेला दुसरा १ जूनला चालू झाला, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईच्या पाच दिवस आधी. युद्ध संपेपर्यंत दहा झाले होते आणि ते चालवायच्या नौदलाच्या तरुण मुली, ज्यांना रेन म्हणत. त्यांच्याबद्दल तिथे आवर्जून विचारा.

युद्ध संपल्यावर बहुतेक मशिन्स मोडून टाकली, फ्लॉवर्सला कागदपत्रं जाळायला लावली, आणि १९७० च्या दशकापर्यंत हे सगळं गुपितच होतं. ज्याने एवढं केलं त्याला तीस वर्षं कुणाला सांगताही येऊ नये, विचार करा. आज जे मशिन दिसतं ते टोनी सेल या माणसाने १९९३ पासून काही जुने फोटो आणि इंजिनियर लोकांकडे राहिलेले डायग्रामचे तुकडे यावरून परत बांधायला घेतलं. १९९६ ला ते पहिल्यांदा चालू केलं तेव्हा फ्लॉवर्स स्वतः तिथे होता. हे मला फार मोठं वाटतं.

बाजूला टनी मशिन आहे, तिथेही थांबा, कारण कोलोसस मेसेज वाचून हातात देत नव्हता, तो जर्मन लोकांच्या लोरेन्झ या संदेश गुप्त करणाऱ्या यंत्राच्या चाकांची सेटिंग शोधायचा, पुढे मजकूर उलगडायचं काम टनीचं. एनिग्माचे संदेश फोडायला केलेल्या ट्युरिंगच्या बॉम्ब नावाच्या मशिनची प्रतिकृतीही इथेच आहे.

मुलांना घेऊन गेलात तर त्यांना आधी विच दाखवा. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रासाठी १९५१ मध्ये सुरू झालेलं अडीच टनाचं मशिन. यात डेकाट्रॉन नावाच्या काचेच्या नळ्या आहेत, प्रत्येकीत दहा जागा, आणि एक नारिंगी ठिपका टुकटुक करत एकेक घर पुढे सरकतो. ठिपका ज्या घरात तो आकडा. नऊवरून शून्यावर आला की शेजारची नळी एक घर पुढे, म्हणजे चक्क हातचा! दुसरी-तिसरीतल्या मुलालाही कॉम्प्युटर बेरीज कसा करतो ते इथे समोर दिसतं, कुणी समजवायची गरज नाही. वेग म्हणाल तर अगदीच सावकाश, एका गुणाकाराला पाच-दहा सेकंद. हार्वेलमध्ये एका गणितज्ञाने हाताच्या कॅल्क्युलेटरवर त्याच्याशी शर्यत लावली होती, साधारण अर्धा तास तो बरोबरीने टिकला आणि मग दमला, मशिन आपलं चालूच. पुढे हे मशिन वूल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजात शिकवायला वापरलं, मग कितीतरी वर्षं गोडाऊनमध्ये पडून होतं, आणि २०१२ ला परत सुरू केलं. मूळ मशिन आहे हे, प्रतिकृती नाही.

एडसॅकची प्रतिकृतीही आहे, केंब्रिजचा १९४९ चा कॉम्प्युटर, आवड असेल तर वेळ द्या. मेनफ्रेमचा, म्हणजे मोठ्या संस्थांतल्या अवाढव्य कॉम्प्युटरचा, भाग मी भराभर बघितला, त्यात माझा जीव रमत नाही.

पण बीबीसी मायक्रो या १९८० च्या दशकातल्या छोट्या कॉम्प्युटरचा वर्ग आहे, तिथून मी हललेच नाही. ओळीने मशिन्स मांडलेली, काळा कीबोर्ड, वर लाल-नारिंगी फंक्शन कीज, आणि चालू केल्यावर येणारा तो जाडा-बारीक बीप. आपल्याकडे १९८४-८५ ला केंद्र सरकारचा क्लास प्रकल्प सुरू झाला, शाळांत कॉम्प्युटर द्यायचे म्हणून, सुरुवातीला २५० शाळा, आणि तेव्हा आले ते हेच बीबीसी मायक्रो. त्या शाळांतून शिकलेल्या माझ्या वयाच्या लोकांनी बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेतली पहिली ओळ याच कीबोर्डवर टाइप केलीय. इथे बसून टाइप करता येतं, कुणी हटकत नाही. १० प्रिंट, २० गोटू १०, आणि स्क्रीनभर स्वतःचं नाव. माझ्या मुलीला मी दाखवलं आणि तिला सांगितलं की हे मशिन करणाऱ्या एकॉर्न कंपनीतच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे आर्म प्रोसेसर बनवला, तुझ्या हातातल्या फोनमधला प्रोसेसर त्याच घराण्यातला. तिने फोन खाली ठेवला आणि तासभर मायक्रोवरच बसली.

आता कामाच्या गोष्टी. म्युझियम रोज उघडं नसतं, सगळी मशिन्सही रोज चालू नसतात, त्यामुळे तारीख ठरवायच्या आधी वेबसाइट बघाच. पार्क आणि हे, दोन्ही एका दिवसात करायचं असेल तर सकाळी लवकर निघा, आणि मला विचाराल तर ताजेतवाने असताना आधी इथे या. नुसत्या पाट्या वाचत फिरलात तर डोक्यात काही राहणार नाही, गाइडेड टूर असेल तर घ्या. आणि कोलोससपाशी जो कुणी उभा असेल त्याला बिल टटबद्दल विचारा, टटने लोरेन्झ यंत्र एकदाही न बघता त्याची रचना नुसत्या कागदावर कशी शोधली ते सगळं सांगतील, फक्त हाताशी अर्धा तास ठेवा.