आप्पांच्या डायनाला कोणता छर्रा मानवला

डबी सापडली. जेएसबी कंपनीचा एक्झॅक्ट छर्रा, डोकं 4.52 मिमी, वजन 0.547 ग्रॅम, 500 नग. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या डायना 35 एअर रायफलीला हाच छर्रा मानवला आणि एवढं ठरवायला मला अख्खा उन्हाळा आणि सात डब्या लागल्या. स्प्रिंगची एअर रायफल घरात आहे, पण नेम लागत नाही म्हणून ती माळ्यावर गेलीय, अशी घरं मला आमच्या ओळखीतच चार-पाच माहीत आहेत. त्यांनी बंदूक विकायच्या आधी एवढं वाचावं.

मी कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात 24 वर्षं काम करते. माप घेणं हा माझा रोजचा धंदा. आप्पा गेले तेव्हा त्यांची रायफल माझ्याकडं आली. जर्मनीतल्या राश्टाटची, नळी बिजागरीवर मोडून भरायची, 4.5 मिलिमीटर बोअरची, म्हणजे ज्याला सगळे पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणतात ती. वरच्या नळकांड्यावर डायना देवीचा छाप अजून स्पष्ट दिसतो. पायाशी धनुष्यबाण टाकून दिलेत आणि हातात बंदूक उंच धरलीय. लहानपणी त्या देवीचं मला फार अप्रूप वाटायचं.

रायफल पुन्हा बाहेर निघाली ती पुतणीमुळं. 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि घरातल्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलं. तो प्रकार काडतुसाच्या रायफलचा आहे, एअर रायफलचा नाही, पण पोरांना ते कोण सांगणार! पुतणी क्लबमध्ये जायला लागली. तिथल्या रायफली दाबलेल्या हवेच्या, झटका जवळजवळ नाहीच. एका रविवारी शेतावर तिनं आप्पांची डायना घेऊन 20 मीटरवर पाच छर्रे मारले. कागदावर पाच भोकं पाच दिशांना. "आत्या, हिची नळी वाकडी आहे," ती म्हणाली.

नळी वाकडी नव्हती. मला ते वाक्य झोंबलं, कारण याच बंदुकीनं आप्पा गोठ्याच्या भिंतीवर ठेवलेली रिकामी काडेपेटी एका छर्ऱ्यात पाडायचे. बंदूक तीच, मग बदललं काय?

आधी बंदुकीचंच बघितलं. दस्त्याचे पुढचे दोन्ही स्क्रू हाताच्या नखानं फिरतील इतके ढिले होते. स्प्रिंगच्या बंदुकीत प्रत्येक बाराला पिस्टन पुढं धावतो आणि थांबतो. त्या हादऱ्यानं स्क्रू सुटतातच, ते दर वेळी तपासायचे. नळीतून कापडाची चिंधी ओढली तर काळं शिसं निघालं, पाचव्या चिंधीपर्यंत निघत राहिलं. पिस्टनचा कातडी वॉशर कोरडा पडला होता, त्याला तेलाचे दोन थेंब दिले. जास्त तेल देऊ नका. पिस्टनच्या पुढं दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेटतं, धूर येतो, आवाज फुटतो आणि छर्रा भलतीकडं जातो. एवढं सगळं करूनही 20 मीटरवर दहा छर्ऱ्यांचा पसारा 60 मिमीच्या खाली येईना. म्हणजे उरला फक्त छर्रा.

मी वापरत होते तो गावातल्या दुकानात मिळणारा, साधा, स्वस्त छर्रा. नाव लिहीत नाही, कारण तसले तीन-चार प्रकार मी पाहिले आणि ते सगळे सारखेच. गुजरीत आमचे नातेवाईक सराफ आहेत. त्यांच्याकडं हिऱ्यासाठी ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटा आहे. दुपारच्या निवांत वेळेला पन्नास छर्रे त्यावर एकेक ठेवले. सगळ्यात हलका 0.461 ग्रॅम, सगळ्यात जड 0.528. आमच्या कारखान्यात एका लॉटमध्ये इतका फरक आला असता तर तो लॉट मी गेटबाहेर जाऊ दिला नसता. एक्झॅक्टचे पन्नास नंतर त्याच काट्यावर तोलले, ते सगळे 0.541 ते 0.552 च्या आत बसले.

पण वजनापेक्षा मोठी गोष्ट आहे छर्ऱ्याच्या अंगाची ठेवण. डोकं, कंबर आणि मागचा पोकळ घेर. डोकं नळीतल्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार कंगोऱ्यांवर, बसून सरळ चालतं, आणि मागून हवेचा दाब आला की पातळ घेर फुगून नळीला चिकटतो, हवा निसटू देत नाही. डोकं लहान असेल तर छर्रा नळीत डुगडुगत जातो. फार मोठं असेल तर तो चेपून आत जातो आणि प्रत्येक वेळी वेगळा चेपतो. हे बघायला मोठं यंत्र लागत नाही. नळी मोडा, छर्रा बोटानं बसवा. स्वस्त छर्ऱ्यांतले काही माझ्या नळीत आपोआप खाली पडत होते, काही अंगठ्यानं जोर लावून घालावे लागत होते. एकाच डबीतले! मग लाकडी काठीनं छर्रा हळूच पूर्ण नळीतून ढकलून बाहेर काढला आणि भिंगातून पाहिला. स्वस्त छर्ऱ्याच्या डोक्यावर आट्यांच्या खुणा एकाच बाजूला. 4.52 च्या एक्झॅक्टवर चहूबाजूंनी सारख्या, बारीक, स्वच्छ.

मायक्रोमीटरनं मोजायच्या भानगडीत पडू नका. शिसं इतकं मऊ की मोजतानाच दबतं. कंपन्या डोक्याचं माप डबीवरच छापतात, त्यावर विसंबावं. एक्झॅक्ट 4.50, 4.51 आणि 4.52 अशा मापांत येतो. पुण्याच्या ज्या दुकानदारांकडून मी घेतलं त्यांनी आधी 4.51 ची डबी हातात दिली आणि म्हणाले, "ताई, आधी एकच न्या. जुन्या डायनाचं सांगता येत नाही, बहुतेक मोठ्या डोक्यासाठी परत याल." तसंच झालं. 4.51 चा ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पसारा, 34 मिमी आला, 4.52 चा 22. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, आणि कागदावर एवढा. मी जन्मभर मापं घेतलीत, तरी ते पाहून बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसले.

हे आकडे कसे काढले तेही सांगते, कारण ग्रुपच्या बाबतीत लोक मनाला येईल ते सांगतात. तीन छर्रे मारून एक भोक पडलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. मी दर वेळी दहा मारले, आणि प्रत्येक डबीचे तीन कागद केले. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत व्हर्नियरनं माप घेतलं आणि त्यातून 4.5 वजा केले. डबी बदलली की पहिले वीस-तीस छर्रे मोजायचेच नाहीत, आधीच्या छर्ऱ्याचा थर नळीत असतो. दुर्बीण नाही, मागची खाच आणि पुढची माशी, बस्स. वेळ सकाळची सात, शेतावर वारा उठायच्या आत. मागं वाळूनं भरलेला लाकडी खोका.

बाकीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. आरडब्ल्यूएस कंपनीचा सुपरडोम, 0.54 ग्रॅम, गोल डोक्याचा, 26 मिमी. हा दुसरा नंबर, आणि एक्झॅक्ट मिळाला नाही तर मी डोळे झाकून हाच घेईन. त्याचा घेर जरा मऊ आहे, जुन्या कमी ताकदीच्या स्प्रिंगलाही तो फुगवता येतो, असं माझं मत आहे. आरडब्ल्यूएसचाच माइस्टरकुगेल्न, 0.53 ग्रॅम, चपट्या डोक्याचा. 10 मीटरवर त्यानं 8 मिमीत दहा घातले आणि कागदाला पंच मारल्यासारखी गोल भोकं पाडली. पुतणीच्या क्लबमध्येही चपट्या डोक्याचेच वापरतात, गुण मोजायला तसं स्वच्छ भोक लागतं. तिथल्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पण चपटं डोकं हवा फार अडवतं. 20 मीटरवर त्याचा ग्रुप 31 झाला, त्याहून लांबचं मी त्याला विचारणार नाही. घरच्या गच्चीत 10 मीटरवर मारणाऱ्यांनी मात्र आधी हाच घ्यावा.

एक जड छर्रा घेतला होता, 0.69 ग्रॅमचा. छर्रा उत्तम बनवलेला, तोलून पाहिला तर एकसारखा. पण माझ्या बंदुकीचा तो नव्हे. जड छर्रा जागचा लवकर हलत नाही, पुढं दाबलेल्या हवेची उशी पिस्टनला मागं ढकलते, आणि बार होताना बंदूक दोनदा उसळल्यासारखी वाटते. उलट फार हलका, शिशाविना बनवलेला एक प्रकार "जास्त वेग" म्हणून विकतात. तो इतका पटकन निघून जातो की पिस्टनला उशीच मिळत नाही आणि तो पुढच्या टोकाला खाडकन आदळतो. तो आवाज ऐकल्यावर मी पाचव्या छर्ऱ्याला थांबले. स्प्रिंगच्या बंदुकीला मधलं वजन पाहिजे. माझ्या हिशेबानं 0.5 ते 0.55 ग्रॅम. छर्रा न घालता बार काढणं म्हणजे तर रोज असा घाव घालणं, ते कधीच करू नका.

चांगल्या छर्ऱ्यांची चटकन परीक्षा करायची तर काचेचा तुकडा सपाट ठेवा आणि छर्रा बोटानं ढकला. डोकं आणि घेर यांच्या मापात फरक असल्यामुळं तो वळणानं फिरत जातो. सगळे एकाच वळणानं गेले पाहिजेत. जो अडखळतो त्याचा घेर चेपलेला. एका ऑनलाइन विक्रेत्यानं माझी डबी नुसत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात पाठवली होती. डबीला खोल पोचा, आणि काचेवर शंभरातले तेवीस अडखळले. तक्रारीला उत्तर आलं नाही. म्हणून पैसे थोडे जास्त गेले तरी मी दुकानात जाऊनच घेते आणि डबी उघडून पाहते. पुण्याच्या त्या दुकानदारांनी स्वतःहून फोमचा तुकडा वर ठेवून डबी बंद करून दिली, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

किमतीचं खरं सांगायचं तर एक्झॅक्ट स्वस्त छर्ऱ्याच्या कितीतरी पट महाग पडतो. रोज शंभर मारणाऱ्याला परवडणार नाही. मी आठवड्याला तीस मारते, मला एक डबी चार महिने पुरते. आणि तीस छर्रे जिथं नेम धरला तिथं जातात, याचं समाधान मला महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट छर्ऱ्याच्या बाहेरची आहे, पण ती सांगितल्याशिवाय वरचे आकडे खोटे ठरतील. पुतणीनं पहिल्या दिवशी बंदूक क्लबच्या सवयीनं घट्ट खांद्यात आवळली होती. ही बंदूक छर्रा नळीत असतानाच आधी मागं आणि मग पुढं जाते. ती प्रत्येक वेळी सारखीच हलू दिली तर छर्रा सारखाच जातो. आप्पा डावा तळहात उघडा ठेवून त्यावर दस्ता नुसता टेकवायचे, तान्ह्या बाळाची मान धरतात तसा. बोटं मिटायची नाहीत. मला वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी तेच शिकवलं होतं, आणि छर्रे झाले की आधी हात धुवून ये, शिसं आहे, मग भाकरीला हात लाव, हेही.

गेल्या रविवारी पुतणीला तसं धरायला लावलं आणि 4.52 दिला. दहा छर्रे, 20 मीटर. व्हर्नियर तिच्याच हातात दिला. 19 मिमी, माझ्यापेक्षा तीननं कमी. तिनं कागदावर तारीख घातली, खाली "आजोबांची डायना" असं लिहिलं आणि तो घडी न घालता वहीत ठेवला. डबीच्या तळावरचा लॉट नंबर मी लिहून घेतलाय. त्याच लॉटच्या आणखी तीन डब्या बाजूला काढून ठेवा, असा पुण्याला फोन केलाय.