मुंबईत बांधलेली 'त्रिंकोमाली': आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात 'त्रिंकोमाली' या जुन्या जहाजाच्या लाकडी मॉडेलचा किट मागवला. दोऱ्या अजून बाकी आहेत, तरी बडोद्यात आणखी कुणी घेणार असेल तर हे आधी कळावं म्हणून लिहिते.

जहाज निवडलं ते आपल्याकडचं म्हणून. 1817 साली जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात हे फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, बांधलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. त्याचे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' हे ब्रिटिश जहाज 1812च्या अखेरीस अमेरिकनांच्या हाती पडलं, म्हणून ते पुन्हा पाठवावे लागले होते.

फ्रेम कण्यात चपखल बसतात, कानस लावावी लागत नाही. फळ्यांचं तसं नाही. पुस्तिका सांगते, सरळ पट्ट्या चिकटवत जा. तसं केलंत तर नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पट्ट्या एकमेकींवर चढतात, कारण तिथे घेर कमी. माझ्या पहिल्या सहा पट्ट्या उखडाव्या लागल्या. प्रत्येक पट्टी पुढे निमुळती तासा, गरम पाण्यात भिजवा, सोल्डरिंगच्या तापल्या नळीवर हळूहळू वाकवा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवा.

सगळ्यात जास्त खटकलं ते पुढेच. खोक्यावर 1817, आणि जहाजाची मागची बाजू मात्र 1845 नंतरची! त्या साली तोफा कमी करून मागचा आकारच बदलला होता. जुने नकाशे शेजारी ठेवून मी तो भाग कापून नव्याने केला, त्यात तीन आठवडे गेले. इतिहासासाठी घेत असाल तर ही तयारी ठेवा.

दोऱ्यांचंही तेच. जुन्या तक्त्यांत दोराचं माप म्हणजे परीघ, व्यास नव्हे. 9 इंची दोराचा व्यास तीन इंचांच्या आतच भरतो, म्हणजे मॉडेलच्या 1:96 या प्रमाणात पाऊण मिलिमीटर. किटमध्ये दोरा आहे सव्वाचा. त्यात कप्प्या बुडून जातात. मी बारीक सुती दोरा आणून पीळ घातला.

फळ्या अक्रोडाच्या. सागाच्या पट्ट्या करून पाहिल्या, पण सागाचे रेषे या मापात भेगांसारखे दिसतात. संखेड्याच्या एका खराद्याने डोलकाठ्या मात्र इतक्या सुरेख उतरवून दिल्या की हात फिरवत बसावंसं वाटतं. सागाचा उपयोग शेवटी खालच्या बैठकीला केला: दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या दाराची फळी.

दोऱ्या दिवाळीनंतर बांधणार. पावसाळी हवेत सुती दोरा आखडतो आणि हवा कोरडी झाली की ढिला पडतो.