एफमॉड की रिमेंडर? सी मध्ये दशांश आकड्यांची बाकी काढताना

सी या प्रोग्रामिंग भाषेत बाकी काढणारं टक्क्याचं चिन्ह (%) फक्त पूर्णांकांना चालतं, डबलला म्हणजे दशांश आकड्यांच्या प्रकाराला नाही, मग हात आपोआप एफमॉड (fmod) या फंक्शनकडे जातो. तो भागाकार शून्याच्या दिशेने तोडतो, त्यामुळे बाकीचं चिन्ह पहिल्या आकड्याचं राहतं. सी99 मध्ये, म्हणजे सीच्या 1999 च्या आवृत्तीत, आलेलं रिमेंडर (remainder) हे फंक्शन मात्र भागाकार जवळच्या पूर्णांकाला नेतो, अगदी मधोमध आला तर सम आकड्याला. म्हणून 5 आणि 3 दिले की एफमॉड 2 देतो आणि रिमेंडर चक्क -1!

खरी गंमत 1 ला 0.1 ने भागताना बघा. 0.1 बायनरीत, म्हणजे संगणकाच्या 0 आणि 1 च्या पद्धतीत, नेमका बसत नाही, किंचित मोठा साठतो, त्यामुळे तो 1 मध्ये पूर्ण नऊच वेळा जातो आणि एफमॉड 0.09999999999999995 देतो, लोक लगेच बग म्हणून ओरडतात, पण दोन्ही फंक्शन्सची बाकी तंतोतंत असते हो, राउंडिंग आधीच 0.1 लिहिताना झालेलं असतं. रिमेंडर इथे दहा धरतो, उत्तर साधारण -5.55 गुणिले 10 चा -17 वा घात, म्हणजे जवळपास शून्य, जे आपल्याला हवं होतं.

कोनांसाठी माझं मत सरळ रिमेंडरला, 350 अंशांचे 360 ने थेट -10 होतात. भागाकारही हवा असेल तर रेमक्वो (remquo) हे फंक्शन वापरा, बाकी रिमेंडरचीच, वर भागाकाराचं चिन्ह आणि निदान शेवटचे 3 बिट (बायनरी अंक) मिळतात, वर्तुळाचा कुठला अष्टमांश हे कळायला तेवढे पुरतात. पूर्ण भागाकार मात्र त्यातून मिळेल असं धरू नका. आणि नुसतं गुंडाळायचं असेल, म्हणजे मर्यादा गाठली की पुन्हा शून्यापासून पुढे मोजायचं असेल, आकडे धन असतील, तर एफमॉडच बरा.