दहा मिलीवॉट: तारेतून की हवेतून?

घरी जोडलेल्या डिजिटल टीव्ही ट्रान्समीटरची पहिली चाचणी मी दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर तारेनेच घेतली. 437 मेगाहर्ट्झ, 10 मिलीवॉट, मध्ये 60 डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारे भाग, मग रिसीव्हर. अ‍ॅटेन्युएटर विसरलात तर रिसीव्हर गेलाच समजा! एकदा तार काढली तरी चित्र चालूच. म्हणजे सिग्नल डब्याच्या फटीतून गळत होता. झाकणाला तांब्याची पट्टी लावली, तेव्हा कुठे मापं खरी आली.

गच्चीवरचा छोटा अँटेना जास्त मजेचा, पण तिथे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हवंच. शिवाय डिजिटलमध्ये सिग्नल कमी होताना आधी पडद्यावर मुंग्या दिसत नाहीत. चित्र लख्ख होतं, काकू पापड वाळत घालायला मध्ये आल्या आणि पडद्यावर नुसते चौकोन. सिग्नल किती काठावर होता, ते तेव्हा कळलं. पापड उचलेपर्यंत मी परत माळ्यावर.