पुण्यात बदली झालीये, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं: सेमी, इंग्लिश मीडियम, सीबीएसई की आयसीएसई

मार्च उजाडला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, सांगली, कऱ्हाड, लातूर, जळगाव, कुठून कुठून, आणि विचारणं एकच, पुण्याला बदली झालीये, पोरांना कुठल्या शाळेत घालू. यंदा माझी नणंदच सांगलीहून आली. मुलगा मराठी माध्यमातून तिसरी संपवून चौथीत जाणारा, मुलगी पहिलीत जाणारी, आणि मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीला. तिच्याबरोबर वाकड, ताथवडे, चिंचवड, निगडी प्राधिकरण अशा बऱ्याच शाळा पाहून झाल्या, शाळांतल्या बाईंशी बोलणं झालं, गेटवर उभ्या असलेल्या आयांशी तर खूपच झालं, त्यातून जे समजलं ते सगळं शेजारी शेजारी ठेवून लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. सगळे जण बोर्डापासून सुरुवात करतात, सीबीएसई की स्टेट, आणि अंतर, भाषा, वर्गातल्या बाई कशा आहेत हे सगळं मागून बघतात. मूल पाचवीच्या आत असेल तर हे अगदी उलट करायला हवं. पाचवीपर्यंत कुठल्याही बोर्डात चार क्रिया, अपूर्णांक, वाचन, लेखन, आजूबाजूचा परिसर हेच असतं, फरक पडतो तो शिकवणाऱ्या बाईंनी, वर्गातल्या मुलांच्या संख्येने आणि मूल शाळेत पोचेपर्यंत किती दमतं त्याने.

म्हणून पहिली तुलना अंतराची. लांबची नावाजलेली शाळा की जवळची साधी शाळा? हिंजवडी-वाकड भागात ज्यांनी सकाळचा भूमकर चौक बघितलाय त्यांना हे सांगायला नको, पण बाहेरगावाहून येणाऱ्याला नकाशावर सहा किलोमीटर दिसतं आणि वाटतं पंधरा मिनिटं. सांगलीत पंधरा मिनिटंच लागतात. इथे सकाळी ऑफिसचा ट्रॅफिक आणि शाळेच्या बस एकाच वेळी रस्त्यावर, त्यात बस दहा सोसायट्या फिरत येते. दुपारी एका सोसायटीच्या गेटवर बसमधून मुलं उतरताना पाहिली, पहिली-दुसरीतली, एक मुलगी सीटवर दप्तराला डोकं टेकून गाढ झोपलेली, ताईंनी हलवून उठवली, बूट एका पायात, दुसरा हातात, आणि आई म्हणाली रोजचंच आहे, घरी येऊन जेवण न करताच झोपते, मग रात्री अकरापर्यंत जागी. अशा मुलाला घरी बसवून अभ्यास कोण घेणार आणि कसा? सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं ते याच झोपेपायी, पण प्रत्यक्षात शाळा किती वाजता भरते आणि बस किती वाजता येते हे दोन्ही वेगवेगळं विचारा. शाळा नवाची आणि बस पावणेआठची असेल तर उपयोग काय.

बस आणि व्हॅनमध्येही बघून घ्या. शाळेची बस पिवळी, वेग-नियंत्रक लावलेली, सोबत अटेंडंट असलेली हवी, आणि व्हॅन असेल तर नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीत मुलं कोंबून नेणारे प्रत्येक भागात सापडतात, स्वस्त पडतं म्हणून लोक पाठवतात, पण त्या गाडीला शाळेची वाहतूक करायचा परवानाच नसतो, तिथे मी तरी मूल पाठवणार नाही.

यातूनच पुढचा प्रश्न येतो, घर ऑफिसजवळ घ्यायचं की शाळेजवळ. आईबाबांपैकी एकजण घरी किंवा वर्क फ्रॉम होम असेल तर माझं मत सरळ शाळेजवळ. मोठा माणूस पाऊण तास ट्रॅफिकमध्ये काढू शकतो, सहा वर्षांच्या मुलीला ते रोज दोनदा करायला लावू नये. दोघंही ऑफिसला जाणार असाल तर मात्र गणित बदलतं, मग शाळेजवळचं पाळणाघर आणि ते किती वाजेपर्यंत उघडं हे शाळेइतकंच महत्त्वाचं.

आता माध्यम, आणि खरा घोळ इथे आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी पुण्यात तीन वाटा, मराठी माध्यमातच सेमी, स्टेट बोर्डाचं इंग्लिश मीडियम, किंवा सीबीएसई-आयसीएसई. सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. काही शाळा पहिलीपासून सेमी करतात, काही पाचवीपासून, काही आठवीपासून, म्हणून नुसतं सेमी आहे का एवढं विचारून थांबू नका, कितवीपासून आहे ते विचारा, नाहीतर मधल्या इयत्तेत आलेल्या मुलाची पंचाईत होते.

माझ्या भाच्याचं उदाहरण देते. गणितात पक्का, पाढे तोंडपाठ, भागाकार चटचट. एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत त्याला सहज म्हणून एक कागद दिला, आकड्यातली सगळी उदाहरणं बरोबर आणि शाब्दिक उदाहरणं कोरी. येत नव्हती असं नाही, दुकानदाराने किती आंबे विकले आणि किती उरले हे इंग्रजीत वाचताना तो पहिल्या ओळीतच अडला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, गणित कच्चं आहे, ट्यूशन लावा. चिंचवडच्या सेमीच्या शाळेत तोच प्रकार झाला तर तिथल्या बाईंनी उदाहरण मराठीत वाचून दाखवलं, त्याने सोडवलं, मग त्याच बाई म्हणाल्या, याला गणित येतं, इंग्रजी वाचायला दोन-तीन महिने लागतील, दिवाळीपर्यंत येईल मार्गावर. एकच मुलगा, एकच आठवडा. मला तरी या एका प्रसंगात शाळा कशी ओळखायची ते कळतं.

म्हणून तिसरी-चौथी-पाचवीत मराठीतून आलेल्या मुलाला एकदम पूर्ण इंग्रजीत टाकण्यापेक्षा सेमी बरं, असं माझं ठाम म्हणणं आहे. शहर नवीन, मित्र नवीन, घर नवीन, त्यात सगळेच विषय नव्या भाषेत म्हणजे जे मूल काल वर्गात हात वर करत होतं ते आज गप्प बसतं, आणि ते गप्प बसणं मार्कांपेक्षा वाईट. पहिलीत जाणाऱ्याचं वेगळं, त्याला अजून वर्षं आहेत, तिथे घरात कोण अभ्यास घेणार आणि त्या माणसाला कुठली भाषा सहज येते यावर ठरवा. घरी मराठी असेल तर मी पहिलीलाही सेमीच म्हणेन, मुलाला जे कळतंय ते बोलता येणं त्या वयात फार मोलाचं. पुण्यात अक्षरनंदनसारखी मराठी माध्यमाची, मुलांना करून बघायला लावणारी शाळाही आहे, कोथरूड-सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला राहणार असाल तर जरूर जाऊन बघा, फक्त अशा शाळांत मधल्या इयत्तेत जागा असेलच असं नाही.

उलट बाजूही खरी आहे. वडिलांची नोकरी अशी की तीन वर्षांनी बेंगळुरू, मग हैदराबाद, तर मराठी माध्यम किंवा स्टेट बोर्ड धरून बसण्यात अर्थ नाही, तिथे सीबीएसईच. पुस्तकं, विषय, परीक्षेची पद्धत सगळीकडे सारखी, मुलाला दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागत नाही. ज्यांचा बदल्यांचा पट्टा महाराष्ट्रातच आहे, म्हणजे एसटी, महावितरण, जिल्हा बँक, राज्य सरकार, त्यांना हे कारण लागू पडत नाही, तरी तेही शेजाऱ्यांचं बघून सीबीएसई शोधत फिरतात.

बोर्डांची तुलना करायचीच तर अशी. स्टेट बोर्डाची पुस्तकं बालभारतीची, स्वस्त आणि कुठेही मिळणारी, आतापर्यंत चौथीला शिवछत्रपतींवर अख्खं पुस्तक, तिसरीला आपल्या जिल्ह्याची माहिती, मुलाला आपला मुलूख कळतो. २०२५-२६ पासून पहिलीपासून नवीन अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतोय, त्यामुळे मोठ्या भावंडाची जुनी पुस्तकं धाकट्याला चालतील असं धरू नका. सीबीएसईला एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेची पुस्तकं आहेत, तीही स्वस्तच, पण खालच्या वर्गांना बऱ्याच खासगी शाळा बाहेरच्या प्रकाशकांचे सेट लावतात आणि तो खर्च काही हजारांत जातो, ॲडमिशनच्या आधी पुस्तकांची यादी मागून बघा. सीबीएसईने २०२६ पासून दहावीला वर्षातून दोन परीक्षा ठेवल्यात, पहिली सगळ्यांना सक्तीची, दुसरी मार्क सुधारायला. आयसीएसईला इंग्रजी जड, भाषा आणि साहित्य असे दोन पेपर, फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजीचेही वेगवेगळे पेपर, वाचनाची आवड असलेल्या मुलाला छान, पण मराठी माध्यमातून सहावी-सातवीत थेट तिकडे उडी मारणं फार कष्टाचं. मराठी कुठेच सुटत नाही, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं केलंय, शिकवतात कसं ते मात्र शाळेगणिक वेगळं.

जेईई-नीट या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांसाठी सीबीएसईच लागतं हे वाक्य तुम्हाला प्रत्येक सोसायटीत ऐकू येईल. या परीक्षांचा पाया एनसीईआरटी आहे हे बरोबर, पण ती तयारी अकरावी-बारावीची असते, आणि आपल्याकडची एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर असते, २० टक्के अकरावी, ८० टक्के बारावी. दहावीनंतर बोर्ड बदलता येतं, दरवर्षी कितीतरी सीबीएसईची मुलं अकरावीला राज्य मंडळात येतात. चौथीतल्या मुलाची शाळा नीटची परीक्षा डोळ्यासमोर ठेवून निवडू नका. मेडिकलचा विचार असेल आणि पुढे राज्याबाहेर बदलीची शक्यता असेल तर एक मात्र लक्षात ठेवा, राज्याच्या ८५ टक्के कोट्यातल्या जागांसाठी काही अपवाद सोडता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास लागते, बोर्ड कुठलंही चालतं. आणि बोर्ड बदलायचंच तर नववीच्या आत बदला, सीबीएसईत नववीलाच नोंदणी होते आणि थेट दहावीत घ्यायला बोर्डाची परवानगी लागते.

वेळापत्रकाचा फरक बाहेरगावच्यांना फार उशिरा कळतो. स्टेटच्या शाळा जूनमध्ये उघडतात, सीबीएसईचं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीलाच चालू, आणि सांगलीच्या शाळेची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे तिकडे पेपर आणि इकडे नवीन वर्ग एकाच वेळी. पुण्यातल्या बऱ्याच सीबीएसई शाळांचे फॉर्म आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच निघतात, मार्चमध्ये बदलीची ऑर्डर हातात पडली तर उरलेल्या जागांतूनच निवडायला लागतं. अनुदानित मराठी शाळेत मधल्या वर्गांना जूनमध्येही बऱ्याचदा जागा मिळते.

फीबद्दल थोडक्यात. अनुदानित शाळेत फी नावापुरती, खासगी इंग्लिश मीडियममध्ये वर्षाला पन्नास हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत, इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळांचं त्याहून पुढे, त्यात बस, गणवेश, पुस्तकं, सहली वेगळ्या. राज्याच्या २०११ च्या फी कायद्याप्रमाणे फी ठरवायला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, तिथल्या जुन्या पालकांना गेल्या काही वर्षांत फी किती वाढली ते विचारा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, चौथीतल्या मुलाला त्या मिळत नाहीत, पहिलीतल्या मुलीसाठी उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर पोर्टलच्या तारखा बघा. केंद्र सरकारच्या नोकरीतल्यांनी आधी केंद्रीय विद्यालय बघावं, बदल्या जास्त झालेल्यांना प्राधान्य आहे आणि फी अगदी कमी.

शाळा बघायला जाल तेव्हा रिसेप्शन आणि स्विमिंग पूल दाखवतील, ते बघा, पण तुम्ही दोन गोष्टी मागा. मुलांची स्वच्छतागृहं आणि कुठल्याही एका मुलाची वही. आम्ही दोन शाळांत चौथीची गणिताची वही बघितली. ताथवड्याच्या चकचकीत शाळेत पानापानावर एकसारखी उत्तरं, फळ्यावरून उतरवलेली, खाली शिक्का. चिंचवडच्या जुन्या इमारतीत वहीला कव्हर फाटकं, पण एका चुकलेल्या भागाकाराशेजारी बाईंनी बारीक अक्षरात लिहिलेलं, हातचा विसरलास, परत कर, आणि खाली मुलाने परत केलेलं, त्यावर तारीख. वर्गात मुलं मात्र चिंचवडला जास्त, कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, तिथे त्याहून बरीच दिसली, आणि मैदान लहान. हे दोष आहेतच, नणंदेने ते धरूनच दोन्ही मुलांना चिंचवडला घातलं, भाड्याचं घर शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर घेतलं आणि मिस्टर हिंजवडीला बाइकने जातात.

शेवटचं दाखल्याचं. जुन्या शाळेतून दाखला काढायची घाई करू नका, नवीन शाळेत जागा पक्की झाल्यावरच अर्ज द्या, आणि अर्जात नव्या शाळेचं नाव आणि यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी कोड, लिहा, म्हणजे ऑनलाइन नावही तिकडे सरकतं. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरची माहिती अक्षर न् अक्षर जुळतीये का ते तिथेच काउंटरवर उभं राहून बघा, पुण्यात आल्यावर दुरुस्तीसाठी परत गावी जावं लागतं. जुनी शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करत असेल तर घाबरू नका, आठवीपर्यंत आरटीई कायद्याने मुख्याध्यापकांनी सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्याला तो लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून त्या नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही.