गाडी सुरूच केली नव्हती, मग पंप खराब झाला कसा? १,१३,२०० रुपयांची फसवणूक

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं, त्यानंतर गॅरेजनं दिलेल्या बिलाचा आकडा आहे १,१३,२०० रुपये. हाय प्रेशर पंप (इंजिनाला जोरात डिझेल पुरवणारा) ४२,५००, चार इंजेक्टर (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे) प्रत्येकी १५,२०० प्रमाणे ६०,८००, आणि टाकी-लाइन धुणं, फिल्टर, मजुरी मिळून ९,९००. यातलं शेवटचं काम तेवढं खरंच झालं. बाकीचे १,०३,३०० सरळसरळ लुबाडले. लिहिताना लाज वाटते, पण संताप त्याहून मोठा आहे.

बेळगावहून निपाणीकडं जाताना महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपावर डिझेल गाडीत २,५०० रुपयांचं पेट्रोल भरलं गेलं. झाकणावर 'डिझेल' लिहिलेलं, तोंडानंही डिझेलच सांगितलेलं. पण पेट्रोलचं नोझल बारीक, डिझेल टाकीच्या तोंडात ते सहज जातं. उलट सहसा जात नाही, म्हणून हाच घोळ जास्त होतो. पावतीवर 'एचएसडी'ऐवजी (म्हणजे डिझेल) 'एमएस' (म्हणजे पेट्रोल) दिसलं आणि गाडी तिथंच उभी ठेवली. पंपावरचा पोरगा म्हणत होता, "एनू आगल्ल री, काय होत नाही, वरनं डिझेल मारा आणि सोडा." तसं कुणीही करू नका. जुन्या ट्रकांच्या इनलाइन डिझेल पंपाला इंजिन ऑइलचं वंगण असायचं, तेव्हा थोडी भेसळ खपून जायची. आताच्या गाड्यांत कॉमन रेल असतो, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी; त्याच्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलमुळं ते वंगण जातं, धातूवर धातू घासतो आणि निघालेला कीस रेलमधून इंजेक्टरमध्ये, रिटर्न पाइपनं परत टाकीत जातो. एकदा कीस पसरला की पंप, इंजेक्टर, रेल, पाइप, टाकी सगळंच उघडावं लागतं.

पण हे सगळं इंजिन फिरलं तर! आमची गाडी स्टार्टच झाली नव्हती. इग्निशनसुद्धा ऑन केलं नव्हतं, कारण बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप तेवढ्यानंच चालू होतो आणि पेट्रोल पुढं ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घेतली आणि पंपवाल्यानंच सुचवलेल्या गॅरेजला टो करून नेली. पंपवाल्याची नि गॅरेजवाल्याची ओळख किती जुनी, ते आता कळतंय.

मिस्त्रीनं टाकी उपसली, स्कॅनर लावला आणि स्क्रीनवर पी००८७ हा बिघाडाचा कोड दाखवला, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. "पंप गेला साहेब, इंजेक्टरपण गेले." सगळं पाणी मुरलं ते इथं. लाइन रिकामी करून, फिल्टर न भरता सेल्फ मारला तर रेलमध्ये दाब येणार कुठून? तो कोड त्यानं स्वतः तयार केला होता! फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या थाळीत ओतलं असतं, चुंबक फिरवला असता, तर चमचमता कीस नाही हे दोन मिनिटांत कळलं असतं. त्यानं ते केलं नाही, आणि सामानानं भरलेली गाडी रस्त्यात अडकलेली असताना समोर लाल अक्षरांत कोड दिसला तर माणूस विश्वास ठेवतोच.

खरं काय ते नंतर कोल्हापूरच्या एका डिझेल लॅबमध्ये उघड झालं. प्रत्येक इंजेक्टरवर स्वतःचा कोड छापलेला असतो. नवा बसवला की तो ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. आमच्या चारही इंजेक्टरवर कंपनीतून आलेलेच कोड, ईसीयूतही तेच. खालचे तांब्याचे वॉशर जुने, काळे पडलेले. इंजेक्टर काढला की वॉशर नवा टाकायलाच लागतो, म्हणजे ते कधी निघालेच नव्हते. पंपाचा सिरियल नंबरही जुनाच.

म्हणून आधीच सांगतो: जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जीएसटीचं पक्कं बिल मागा, पार्ट नंबरसकट. टाकीतून उपसलेलं मिश्रणही तुमचंच. आमचं 'टाकून दिलं' म्हणाले. त्यातलं एक लिटर स्वच्छ डब्यात सीलबंद करून ठेवायला हवं.

पंपमालक म्हणाला, २,००० घ्या आणि मिटवा. पोलीस म्हणाले, हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा. मराठीत लिहिलेला अर्ज परत केला, कन्नडमध्ये आणा म्हणाले. कन्नडमध्ये लिहून नेला तर ते साहेब बंदोबस्ताला गेलेले. तेल कंपनीकडं तक्रार केली, उत्तर आलं: डीलरशी संपर्क साधा. ज्यानं चूक केली त्याच्याकडंच परत पाठवायचं? मापाच्या खात्यात गेलो तर ते म्हणाले, माप बरोबर होतं ना, मग आमचा संबंध नाही. पोच द्यायलाही कुणी तयार नाही. एक लाखाच्या वर पैसे गेलेल्या माणसाला टेबलाटेबलावर असं फिरवायचं?

नुसतं पेट्रोल गेलं असेल आणि इंजिन फिरलं नसेल, तर टाकी उपसणं, फिल्टरपर्यंतची लाइन धुणं, नवा फिल्टर, ताजं डिझेल आणि हातानं प्रायमिंग (लाइनमधली हवा काढून डिझेल भरणं) एवढंच काम असतं. बीएस-६ गाड्यांत निळ्या झाकणाच्या टाकीत भरायचं डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) चुकून डिझेलमध्ये गेलं तरी स्टार्ट करू नका, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी असतं, पंपात खडे धरतात आणि गंज चढतो.

पावतीचा लगेच फोटो काढा, छपाई उडून जाते. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी लेखी मागा. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, हेल्पलाइन १९१५. आमची तक्रार चार इंजेक्टरांच्या कोडचे फोटो आणि लॅबचा लेखी अहवाल जोडून दाखल झाली आहे.