फळ्यावर काय लिहावं: सूचना, ताकीद की इशारा?

पावसाळा लागला की कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या अपार्टमेंटचा फळा माझ्या ताब्यात येतो. पंचगंगा चढायला लागली की लोकांना सावध करायचं असतं, आणि मजकुराच्या डोक्यावर कुठला शब्द घालायचा यावर बरंच अवलंबून असतं. तुमच्या तालमीत किंवा सोसायटीत हे काम तुमच्याकडं आलं असेल तर माझा अनुभव सांगतो.

'सूचना' कुणालाच टोचत नाही. पण टाकी धुण्यापासून मेंटेनन्सपर्यंत वर्षभर सगळं याच शब्दाखाली येतं. पुराच्या वेळी त्याच्याकडं कोण बघणार?

'ताकीद' मला आधी फार आवडायचा. अरबीतून आलेल्या या शब्दात ठासून सांगण्याचा जोर आहे, त्यात 'सक्त' जोडलं की बघायलाच नको. 2021 च्या जुलैत मी लिहिलं, 'सर्वांना सक्त ताकीद. आज रात्रीच्या आत पार्किंगमधल्या गाड्या काढाव्यात.' तळमजल्यावरचे काका, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, फळ्यापुढं थांबले. "आम्हाला ताकीद देनारा तू कोन रं? मी काय शाळंतलं पोरगं हाय व्हय?" गाडी हलली नाही. सकाळी पार्किंगमध्ये उतरलो, तर त्यांच्या स्कूटरचे आरसे तेवढे पाण्यावर दिसत होते.

तो प्रसंग मनातून गेला नाही, कारण काकांचं बोलणं बरोबर होतं. ताकीद वरून खाली येते. साहेब शिपायाला देतो, आई पोराला देते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला, तेही धाकट्यानं थोरल्याला, ती कशी द्यावी? 'तंबी'चा तर विचारच नको, तिच्यात समोरच्याची चूक आधीच धरलेली असते.

'इशारा' म्हणजे मुळात खूण. डोळ्यांनी करतात तोही इशाराच. खूण करायला वय लागत नाही, अधिकार लागत नाही, ज्याला आधी दिसलं त्यानं करायची. आपल्याकडं त्याला मापही आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. मधले चार फूट म्हणजे आवराआवरीची सवड, आणि मला तरी या शब्दाचा सगळा अर्थ त्या चार फुटांत दिसतो.

खोट त्यातही आहे. 'पुराचा इशारा' आणि 'आंदोलनाचा इशारा' दिसायला सारखेच. पण पुराचा इशारा देणारा येणारं संकट दाखवतो, आंदोलनाचा देणारा मात्र आपण काय करणार ते ऐकवतो. ऊसदराच्या दिवसांत पेपरात हा दुसरा इतका वाचायला मिळतो की पहिल्याची धार जाते. 'सतर्कतेचा इशारा' तर मला पटतच नाही. सतर्कता हे काही संकट नव्हे.

शाळेत, कारखान्यात, जिथं सांगणाऱ्याचा अधिकार सगळ्यांना मान्य असतो, तिथं ताकीदच बरी पडत असेल. आमच्या फळ्यावर मात्र आता 'इशारा' असतो आणि खाली बंधाऱ्यावरची पातळी, फूट-इंचांत, वेळेसकट. गेल्या पावसाळ्यात आकडा बदलायला खाली उतरलो, तर काकांची जागा रिकामी होती. स्कूटर त्यांनी आदल्या रात्रीच मंगळवार पेठेत भाच्याच्या दारात नेऊन लावली होती.